मेश्राम भाऊजींचे एकतीस फॉर्म

भाऊजी, ते फॉर्म मी दिलेच नव्हते.

एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर बोलायला मला दीड वर्ष मिळालं होतं. रोज सकाळी कॉलनीच्या भिंतीतल्या भगदाडापाशी आपली गाठ पडायची. तुम्ही दुधाची किटली घेऊन तिकडून इकडे, मी भाजीची पिशवी घेऊन इकडून तिकडे. तुम्ही बाजूला सरकून म्हणायचात, "आधी महिला मतदार." मी हसायचे आणि वाकून पलीकडे जायचे. दीड वर्षांत सहज पाचशे वेळा तरी वाकले असेन, पण बोलले नाही. आता तुम्ही नाही आणि मी शाळकरी वहीत लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात की अर्ज मुदतीनंतर आलाय, तरी दाखल करून घ्या. तुम्हाला सगळंच दाखल करून घ्यायची हौस.

परवा तुमचं जलदान झालं. मी दोनदा "तेरावं" म्हणता म्हणता जीभ आवरली. इतकी वर्षं शेजार करूनही आमची जीभ आमच्याच वळणावर जाते. कुसुमताई पांढऱ्या पातळात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या शिलाई मशीनवर तुमचा फोटो ठेवला होता. तोच पोस्टरवरचा फोटो, खालची "आपका अपना उम्मीदवार" ही ओळ कात्रीने कापून काढलेला. भंतेजींचं झाल्यावर तुमचा मिलिंद माझ्याजवळ येऊन बसला. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदीच. म्हणाला, "आंटी, पापा हमेशा कहते थे कि पूरी कॉलोनी में एक ही इंसान हमारे लिए धूप में निकला था. आप." मी पाणी मागितलं. त्याला वाटलं, मला गहिवरून आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, भाऊजी. तुम्हाला लिहिताना हा शब्द मी कशाला वापरते आहे, कोण जाणे.

आपली ओळख मराठी मंडळातली. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमचे हे इंजिनियर म्हणून आले आणि तुम्ही त्याच ऑफिसात हेड क्लार्क. आम्ही अमरावतीचे, तुम्ही भंडाऱ्याचे. इथे लखनौत एवढं पुरे होतं, निदान वरवर. मंडळाची बैठक साने बाईंच्या मोठ्या क्वार्टरात व्हायची, कारण साने साहेब सगळ्यांचे साहेब. दर वर्षी सेक्रेटरीची निवड एकमताने व्हायची. एकमत म्हणजे साने बाईंचं मत आणि बाकीच्यांचा चहा.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही त्या बैठकीत दाराशी उभे राहिलात. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तुम्ही दाराशीच उभे राहायचात. हात जोडून म्हणालात, "देशात मतदान झालं, मंडळात काहून नाही?" सगळे हसले. तुम्ही मात्र पुढच्या बैठकीला डालडाचा डबा घेऊन आलात, झाकणाला चीर पाडलेला आणि वर लाखेचा शिक्का मारलेला. चिठ्ठ्याही घरूनच कापून आणल्या होत्या. साने बाईंच्या विरोधात कोणी उभं राहीना, तेव्हा तुम्ही माझं नाव सुचवलंत. मी यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे पाहत होते. चौदा विरुद्ध नऊ अशी मी निवडून आले. त्याआधी आयुष्यात मला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. लग्नातसुद्धा निवडली गेली ती पत्रिका, मी नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन स्वयंपाक करताना गुणगुणत होते, असं यांनी पुढे कितीदा तरी चिडवलं. तुम्हाला मी साधं थँक्यूही म्हटलं नाही. तुम्ही ते मागणारे नव्हतातच, पण म्हणायला हवं होतं.

भांडण मात्र आपण भरपूर केलं. विषय एकच. मी म्हणायचे, आपण इथले नाही. यांची नोकरी संपली की आम्ही चाललो अमरावतीला. आमची मतदार यादीतली नावं तिकडेच होती. मीच काय, कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांची नावं आपापल्या गावी होती. कोणाचं वर्ध्याला, कोणाचं साताऱ्याला. मत द्यायला कोणी जात नसे, पण नाव काढून इकडे आणायचं म्हटलं की गावाशी संबंध तोडल्यासारखं वाटायचं. धाकटे दीर पत्रात लिहायचे की नाव शाबूत आहे, काळजी नसावी. ते वाचून खरंच बरं वाटायचं.

तुम्ही रिटायर झालात आणि भंडाऱ्याला न जाता भिंतीपलीकडच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्यात, तेव्हा आम्हा सगळ्यांना तो वेडेपणा वाटला. इकडे कॉलनीत रेल्वेचं पाणी, रेल्वेचे सफाईवाले. तिकडे चाळीस घरांत एक हँडपंप आणि गटार नावालाही नाही. सांडपाणी गल्लीतूनच वाहायचं. महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं झालीच नव्हती, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. तक्रार कोणाकडे करायची तेच कोणाला माहीत नव्हतं. मी तुम्हाला म्हटलं होतं, गावी गेला असतात तर निदान माणसात राहिला असतात. तुम्ही त्या गल्लीतल्या लोकांकडे बोट दाखवून विचारलंत की मग ही कोण आहेत. आणि नंतर शांतपणे म्हणालात, "वहिनी, नळाला पाणी येत नाही तेव्हा तुम्ही कुठल्या असता? अमरावतीच्या?"

मी म्हटलं, आमच्या नळाला पाणी येतं. ते बोलल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. तुम्ही हसलात आणि किटली घेऊन निघून गेलात. त्या भांडणात माझं हे वाक्य शेवटचं ठरलं.

मग निवडणूक लागणार अशी बातमी आली. थंडीत मतदान होणार, त्याआधी याद्या होणार, नवीन नावांसाठी जूनपर्यंत मुदत. नोकरीत असेपर्यंत तुम्हाला उभं राहता येत नव्हतं, आता येणार होतं. तुम्ही आमच्याकडे आलात ते पेढे घेऊन, जसा काही निकालच लागला होता. पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसलात. हिशेब तुमचा साधा होता. वस्तीची मतं होती, पण ती पुरणार नव्हती. कॉलनी त्याच वॉर्डात. मराठी माणसं एकतीस, पण यादीत एकाचंही नाव नाही.

तुम्ही पिशवीतून गठ्ठा काढलात. एकतीस फॉर्म. प्रत्येक तुमच्या अक्षरात भरलेला, नाव, नवऱ्याचं नाव, क्वार्टरचा नंबर, सगळं टाकाने लिहिल्यासारखं सुबक. बायकांची वयं तुम्ही दोन-दोन वर्षं कमी लिहिली होती आणि मी विचारल्यावर म्हणालात की तेवढ्याने आयोगाचं काही बिघडत नाही, पण सही मात्र पटकन मिळते. फक्त सह्याच घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, तुम्हीच का नाही फिरत. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "तुमचं ऐकतील, वहिनी. माझं नाही ऐकणार." एवढंच. का ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. आपल्या वीस वर्षांच्या ओळखीत त्या गोष्टीबद्दल झालेलं हे एवढंच बोलणं.

मी पहिल्यांदा गेले ती साने बाईंकडेच. म्हटलं, तिथे सही झाली की बाकीच्या आपोआप करतील. त्यांनी फॉर्म चष्म्याजवळ धरून वाचला. विचारलं, हे अक्षर कोणाचं. मी सांगितलं. त्यांनी तो टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुझं मन मोठं आहे गं, पण त्यांचं आपलं कुठे जमतं? उद्या निवडून आले तर आपल्यालाच उठून उभं राहावं लागेल." मग त्यांनी मला शंकरपाळी दिली.

भाऊजी, मी ती खाल्ली.

त्याच बाईंना मी चौदा विरुद्ध नऊ असं हरवलं होतं, तुमच्या डालड्याच्या डब्यातून. तरी मी रिकामी बशी ठेवून उठले. घरी येऊन मी गठ्ठा ट्रंकेत टाकला आणि दुसऱ्या घरी गेलेच नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, सोडून दे, आपण परक्या गावात आहोत, आपल्याला काय करायचंय. मेचा पहिला आठवडा उजाडला आणि नेहमीप्रमाणे सगळी मराठी घरं पास काढून गावी निघाली. सुट्टी लागली की कॉलनीतला आमचा भाग कुलूपबंद व्हायचा. यादीची मुदत भर उन्हाळ्यात पडते आहे हे तुम्ही मला दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं होतं, निघायच्या आधी करते.

आजवर मी स्वतःला सांगत आले की मी विसरले. विसरले नव्हते. अमरावतीला गच्चीवर जावांबरोबर कुरडया घालत होते आणि मोठ्या जाऊबाईंनी तारीख विचारली. तारीख सांगताना लक्षात आलं की मुदतीला पाच दिवस उरलेत. तार करता आली असती. निदान तुम्हाला खरं कळवता आलं असतं, म्हणजे तुम्ही दुसरं काही केलं असतं. मी सोऱ्या हातात घेतला आणि पुढची कुरडई घातली. एवढंच झालं. त्यात कुठे काही मोठं नाही.

जूनच्या शेवटी परत आले तर भगदाडापाशी तुम्ही. उन्हाने काळवंडलेले, वस्तीतल्या नावांसाठी महिनाभर फिरून चप्पल झिजवलेली. विचारलंत, "जमा झाले ना, वहिनी?"

मी म्हटलं, हो.

पावती विचारलीत. मी म्हटलं, तिथल्या बाबूने दिली नाही, नंतर या म्हणाला. दोन वाक्यं. कशी सुचली देव जाणे, आधी ठरवलेली नव्हती. तुम्ही मान हलवलीत, म्हणालात की पावती घ्यायला हवी होती, पण असू द्या, उन्हातान्हात गेलात हेच पुष्कळ. तेव्हापासून मी तुमच्या गोष्टीतली उन्हात गेलेली बाई झाले.

यादी आली आणि तिच्यात कॉलनीतलं एकही मराठी नाव नव्हतं. तुम्ही भडकलात ते त्या बाबूवर. माझ्यावर संशय घ्यावा हे तुमच्या मनातही आलं नाही, आणि मी तुमच्या त्या भडकण्याच्या आड उभी राहिले. तरी तुम्ही उभे राहिलात. चिन्ह शिलाई मशीन मिळालं, तेव्हा कुसुमताईंचं मशीनच हातगाडीवर ठेवून तुम्ही वस्तीभर फिरवलंत. पायडल मारत मिलिंद, मागे तुम्ही कोट घालून. कॉलनीच्या गेटातून ती हातगाडी गेली तेव्हा आम्ही बायका गच्चीवरून पाहून हसलो. मीही हसले. 

एकोणीस मतांनी हरलात. शाळेच्या आवारात निकाल सांगितला तेव्हा मी कुसुमताईंचा हात धरून उभी होते. एकोणीस. माझ्या ट्रंकेत एकतीस होते. तुम्ही गर्दीतून आमच्याकडे आलात, मफलर काढून कुसुमताईंकडे दिलात, आणि मला म्हणालात, "वहिनी, तुमची मेहनत वाया गेली."

तेव्हा बोलले असते तर तुम्ही रागावला असतात, कदाचित कायमचे. पण यादीच्या कचेरीतल्या त्या वर्मा बाबूची सुटका तरी झाली असती. पुढे वर्षभर दर मंगळवारी तुम्ही त्याच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिलात. एकतीस फॉर्म कुठे गेले याची चौकशी व्हावी म्हणून अर्जावर अर्ज, प्रत्येकाची कार्बन कॉपी फाइलला. तो बिचारा शपथ घेऊन सांगायचा की असे फॉर्म आलेच नाहीत. तुम्ही मला येऊन सांगायचात, किती खोटारडा माणूस आहे बघा, पोराबाळांची शपथ घेतो. तो खरं बोलत होता, भाऊजी. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो एकटा होता. शेवटी तुमच्या अर्जांना कंटाळून त्याची दूरच्या ऑफिसात बदली केली, आणि तुम्हाला वाटलं, चला, थोडा तरी न्याय झाला. त्या दिवशी पेढे आणलेत. मी तेही खाल्ले.

निवडून आला तो माणूस वस्तीत फिरकला नाही. गटार झालं नाही. मागच्या महिन्यात तुम्हाला धाप लागली तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी साचलेलं होतं आणि रिक्षावाला आत यायला तयार होईना. मिलिंदने आणि शेजाऱ्यांनी तुम्हाला खाटेवर घालून त्याच भगदाडातून कॉलनीत आणलं, कारण डांबरी रस्ता इकडेच होता. खाट आडवी मावेना म्हणून तिरकी केली. मी आमच्या दारात उभी होते. तुम्ही मला पाहून हात जोडायचा प्रयत्न केलात. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. किती उशीर, ते मी विचारलं नाही.

गटार झालं असतं तर तुम्ही वाचला असतात असं मी म्हणत नाही. कोणी सांगावं? पण रिक्षा आली असती.

आज सकाळी मी कुसुमताईंकडे गेले होते, मनाशी ठरवून. ट्रंकेतला गठ्ठा पिशवीत घेतला होता. म्हटलं, तुम्हाला नाही तर निदान त्यांना सांगायचं, फॉर्म हातात द्यायचे, पुढे त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. दाराशी मतदार यादीवाले मास्तर बसलेले, मांडीवर रजिस्टर. यादीची नवी दुरुस्ती सुरू झाली आहे. तुमचं नाव कमी करायचं होतं, आणि त्यासाठी मोहल्ल्यातल्या कोणा मतदाराची साक्ष म्हणून सही हवी होती. कुसुमताई मला पाहून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीच करा. त्यांना बरं वाटलं असतं."

मी पेन हातात घेतलं. मास्तरांनी विचारलं, "बहनजी, लिस्ट में आपका नंबर?"

मी म्हटलं, माझं नाव इथे नाही.

त्यांनी पेन परत घेतलं. अगदी सभ्यपणे. म्हणाले, मग तुमची सही चालणार नाही. बावीस वर्षं राहता आणि नाव कसं नाही, असं त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मिलिंद आतून बाहेर आला. "मास्टर साहब, इन्होंने तो भरा था. सबका भरा था. दफ़्तर वालों ने गुम कर दिया. मेरे पापा साल भर इसी के लिए लड़े." बोलताना त्याचा आवाज तुमच्यासारखा चढला. कुसुमताईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी मान हलवली, आपल्या देशात असंच चालतं अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. गठ्ठा माझ्या पिशवीत होता, भाऊजी, पालकाच्या जुडीखाली. कुसुमताईंचा हात माझ्या पाठीवर होता.

समोरच्या दुकानदाराला बोलावून सही घेतली. मास्तरांनी पट्टी ठेवून तुमच्या नावावर लाल रेघ ओढली, सरळ, तुम्हाला आवडली असती अशी. मग त्यांनी एक कोरा फॉर्म फाडून मला दिला, म्हणाले की अजून मुदत आहे, या वेळी भरून टाका. मिलिंद म्हणाला, मी स्वतः नेऊन देईन आंटी, पावतीसकट.

मी तो फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. भगदाडातून वाकून घरी आले. पालक निवडून ठेवला. मग गठ्ठा पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि हा कोरा फॉर्म त्या एकतीसांच्या वर.